टेकडीवरच्या वाट्या : दगडातले कप-मार्क कसे नोंदवावेत

पहिल्यांदा जुनापाणीला गेलो ते जानेवारीतल्या एका दुपारी, चांगलं जेवूनखाऊन. नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की अर्ध्या-पाऊण तासात ही शिलावर्तुळं येतात. काळ्या पाषाणाचे मोठमोठे गोटे गोलाकार मांडलेले, मधे मुरुमाचा उंचवटा, आणि अशी वर्तुळं एकामागून एक माळरानभर. त्यांतल्या काही गोट्यांवर कप-मार्क, म्हणजे माणसाने ठोकून केलेले वाटीसारखे खळगे, आहेत एवढं वाचलं होतं. गोट्यांवरून हात फिरवत तासभर हिंडलो आणि दोन दगडांवर मिळून चार खळगे हाती लागले. शेळ्या चारणारे एक काका लांबून हा प्रकार बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "दुपारच्याले काय दिसन भाऊ? सकायी या."

दुसऱ्या दिवशी साडेसातला पोचलो. आदल्या दिवशी ज्या दगडावर एकही खूण दिसली नव्हती, त्याच्यावर दोन ओळींत अकरा वाट्या होत्या आणि प्रत्येकीत चंद्रकोरीसारखी सावली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात या टेकड्यांवर जातो. मी पुरातत्त्वाचा पदवीधर नाही, आणि हा लेखही तज्ज्ञांसाठी नाही. ट्रेकला जाणारे, गावातले शिक्षक, इतिहासाची आवड असलेले विद्यार्थी अशांच्या पायाखाली असे दगड रोज येतात. ते बघून नुसता फोटो काढला तर हाती फार काही उरत नाही. नोंद केली तर पुढे दुसरा कुणी, आपल्याला न सुचलेला प्रश्न घेऊन, तीच नोंद वापरू शकतो. ती नोंद कशी करायची ते पायरीपायरीने सांगतो.

आधी ओळख : वाटी कोणती, खळगा कोणता

कप-मार्क म्हणजे दगडावर दुसऱ्या कठीण दगडाने ठोकून ठोकून केलेला, वाटीसारखा गोलसर खळगा. व्यास बहुतेक वेळा तीन ते आठ सेंटिमीटर, खोली काही मिलिमीटरपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत. मी त्याला सरळ 'वाटी' म्हणतो.

अशा वाट्या जगभर आहेत. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या गुहांत आहेत. भानपुऱ्याजवळच्या दराकी चट्टान या गुहेच्या दोन्ही भिंतींवर पाचशेच्या वर आहेत. तिथे काम करणाऱ्या गिरिराज कुमार यांनी तशाच दगडावर वाटी करून पाहिली, तर एकेका वाटीला हजारो ठोके लागले. दराकी चट्टानच्या वाट्या पुराश्मयुगातल्या असल्याचं मांडलं गेलं आहे, तर विदर्भातली शिलावर्तुळं लोहयुगातली, म्हणजे साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. आकार तोच आणि काळातलं अंतर मोजता न येण्याइतकं. म्हणून नुसत्या वाटीकडे बघून तिचं वय सांगायला जाऊ नये.

आणि प्रत्येक गोल खळगा ही वाटी नसते. आपल्या दगडात फसगत फार आहे. दख्खनचा काळा पाषाण लाव्हापासून बनलेला. त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर त्यांत झिओलाइटसारखी खनिजं भरली. उन्हापावसाने ती निसटली की मागे छान गोल खळी राहते. ती ओळखायची खूण अशी : बुडबुड्यांच्या खळ्या दगडभर विखुरलेल्या, लहानमोठ्या, बऱ्याचदा एकाच दिशेने लांबट असतात. एखाद्या खळीत पांढऱ्या खनिजाचा कण अजून चिकटलेला मिळतो. आणि आतली जागा तोंडापेक्षा रुंद असू शकते, जी ठोकून करणं जवळपास अशक्य. कोकणात जांभ्याच्या सड्यावर तर विचारूच नका. जांभा मुळातच भोकाभोकांचा, त्यामुळे तिथे कातळशिल्पांच्या शेजारची वाटी माणसाची की पावसाची हे ठरवताना भलेभले थबकतात.

नदीपात्रातले रांजणखळगे सहसा ओळखू येतात, कारण ते खोल, गुळगुळीत आणि पाण्याच्या वाटेवर असतात. किल्ल्यांवर आणि लेण्यांत खांब रोवायचे खळगे असतात, त्यांच्या कडा सरळ आणि अंतरं मापातली. उखळ खोल, आतून घासून चकचकीत, आणि नेहमी सपाट दगडावर. पाथरवटांनी दगड फोडायला केलेल्या पाचरींच्या खाचा चौकोनी, एका रेषेत, दगडाच्या फुटलेल्या कडेला. सुरुंगाचं भोक नळीसारखं. मला शंका आली की मी ओळखीच्या एका वडारी मिस्त्रींना फोटो दाखवतो. टाकीचा घाव कोणता आणि ठोकलेला दगड कोणता हे ते क्षणात सांगतात, कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो मंकळ्याच्या, म्हणजे खळग्यांत चिंचोके टाकत खेळायच्या जुन्या खेळाच्या, पटाशी. दोन ओळी, प्रत्येकीत सारख्या संख्येचे खळगे, देवळाच्या ओट्यावर किंवा किल्ल्याच्या दरवाजाशी, जिथे माणसं सावलीत बसून राहत. जुनापाणीच्या वाट्याही ओळींत येतात, त्यामुळे 'हा तर खेळ' असं कुणी ना कुणी म्हणतंच. उत्तर दगडाच्या उतारात असतं. वाट्या गोट्याच्या उभ्या अंगाला असतील तर तिथे ना धान्य कांडता येतं, ना चिंचोके टिकतात.

तरीही जागेवर निकाल देऊ नका. वहीत प्रत्येक वाटीपुढे 'नक्की', 'बहुधा' किंवा 'शंका' एवढंच लिहा आणि का तेही दोन शब्दांत लिहा. शंकेची वाटी गाळणं ही नवख्या माणसाची हमखास चूक. मीही केली आहे.

परवानगी, हंगाम, पिशवी

जागा संरक्षित आहे का, वनखात्याची आहे का, की कुणाचं शेत आहे हे आधी बघा. केंद्र सरकारच्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकाचं नुकसान हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. उत्खनन परवान्याशिवाय कुठेही करायचं नाही, आणि खुरप्याने 'थोडीशी' माती उकरणं हेही उत्खननच. संरक्षित जागी तिवई लावायलाही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. जंगलात जायचं तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवा. शेतात जायचं तर शेतकऱ्याला विचारा, आणि पहिल्या वाक्यातच सांगा की तुम्ही गुप्तधन शोधायला आलेला नाही. ही गंमत नाही. टेप आणि होकायंत्र घेऊन दगडाभोवती फिरणारा माणूस म्हटलं की गावात पहिला संशय तोच येतो, आणि अनेक ठिकाणी वर्तुळांच्या मध्यात त्याच नादापायी खड्डे पाडलेले तुम्ही स्वतः बघाल.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं आणि त्याची कुसळं मोज्यांत शिरतात. मे महिन्यात विदर्भातल्या दगडाला हात लावून बघा, मग सल्ल्याची गरज उरणार नाही. हिवाळ्यात गवत वाळतं, गुरं चरून जमीन उघडी होते आणि सूर्य दिवसभर खाली असतो. मात्र दगडाखाली हात घालू नका. तिथे विंचू असतो, घोणस असते.

पिशवीत फार काही लागत नाही. पाच मीटरचा टेप आणि तीस मीटरची कापडी फीत, प्लॅस्टिकची पट्टी, प्लॅस्टिकचा व्हर्नियर, होकायंत्र, टॉर्च, छोटा आरसा, काळी छत्री, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, आलेखवही, पेन्सिली, आणि फोटोत ठेवायला सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे असलेली मोजपट्टी. ही पट्टी घरी छापली तर छापल्यावर मोजून घ्या. प्रिंटर 'पानात बसवतो' आणि दहाचे साडेनऊ करतो.

चढावर शोधायचं कसं

टेकडीवर सरळ वरखाली फिरू नका. एकाच उंचीवरून आडवं चाला, मग पाच-दहा मीटर वर सरका आणि उलट दिशेने या. चार जण असाल तर तेवढंच अंतर ठेवून समांतर चाला. फोनवर मार्ग नोंदवणारं ॲप चालू ठेवा, म्हणजे कुठला भाग पाहिला आणि कुठला राहिला हे कळतं. ज्या भागात काही सापडलं नाही तो भागही नकाशावर रंगवा. 'इथे पाहिलं, नाही सापडलं' आणि 'इथे पाहिलंच नाही' यांत फरक आहे, आणि वीस वर्षांनी येणाऱ्याला तो फरक महत्त्वाचा वाटेल.

उतारावरचा दगड जागेवर आहे का हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. माती हळूहळू खाली सरकते, तिच्याबरोबर दगडही. तो जमिनीत किती रुतलाय? वरच्या बाजूला माती साचलीय का? वाट्या खालच्या अंगाला दबल्यात का? दगड हलवून बघायचा नाही, दिसतं तेवढंच लिहायचं.

आणि बांध बघा. शेत करताना अडचणीचे गोटे शेतकरी बांधावर ढकलतो. विदर्भातल्या कित्येक वर्तुळांचे दगड आज बांधात, विहिरीच्या कठड्यात नाहीतर पिंपळाच्या पाराखाली आहेत. एका गावात मी दिवसभर माळ पालथा घातला, काही मिळालं नाही. संध्याकाळी चहा प्यायला ज्या दगडावर टेकलो त्याच्याच कडेला तीन वाट्या होत्या. अशा दगडाची नोंद करताना 'मूळ जागी नाही' हे ठळक लिहा आणि तो कुठून आणला हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

दगडाला शेंदूर लावलेला असेल तर तो देव आहे. चपला काढा, विचारा, हात लावू नका. शेंदराखाली काय आहे हे कळलं नाही तरी चालेल.

जागा आणि दिशा

फोनचा जीपीएस उघड्या माळावर साधारण तीन ते दहा मीटरपर्यंत बरोबर असतो. दगडावर फोन ठेवून दोन-तीन मिनिटं थांबा, आकडा स्थिरावू द्या. अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत लिहा. पाचवं स्थळ म्हणजे सुमारे एक मीटर. ॲप आठ स्थळं दाखवतं, पण ती लिहिणं म्हणजे स्वतःची फसवणूक. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो, डब्ल्यूजीएस ८४ असल्याचंही नोंदवा. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट डेटमवर आहेत, ते न बघता दोन्ही एकावर एक ठेवले की दगड शेजारच्या शेतात जाऊन बसतो. जोडीला गाव, तालुका आणि गट क्रमांक लिहा. महाभूनकाशावर तो मिळतो. पुढे कार्यालयात कुणाला ही जागा समजावून सांगायची वेळ आली तर तिथली भाषा गट क्रमांकाचीच असते.

दिशेच्या बाबतीत एक खास सूचना. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत सध्या एक अंशाहूनही कमी फरक आहे, तो आपल्या कामाला नगण्य. पण काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं, आणि होकायंत्र दगडावर टेकवलं की काटा वाटेल तिकडे ओढला जाऊ शकतो. फोनमधलं होकायंत्रही त्याच माळेचं. पहिल्या हिवाळ्यात मी सगळ्या दिशा दगडावर यंत्र ठेवून घेतल्या, वर हातात लोखंडी काठी. दुसऱ्या वर्षी त्या सगळ्या टाकून दिल्या. आता दगडापासून चार पावलं मागे उभा राहतो, यंत्र छातीशी धरतो, दिशा घेतो. मग दगडाच्या पलीकडे जाऊन उलटी दिशा घेतो. दोन्हींत १८० अंशांचा फरक आला तरच आकडा वहीत जातो.

शिलावर्तुळ असेल तर वाटीच्या दगडाची दिशा वर्तुळाच्या मध्यापासून घ्यायला विसरू नका. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीच्या वाट्यांचे दगड वर्तुळाच्या कोणत्या बाजूला येतात हे तपासून त्यांचं आकाशाशी नातं असू शकतं असं सुचवलं. पटो न पटो, हा प्रश्न विचारता आला तो दिशा मोजल्या म्हणून. नुसत्या सुंदर फोटोंवरून कुणाला तो विचारता आला नसता.

क्रमांक द्या, मग मोजा

पहिल्या वर्षीची माझी दुसरी चूक : चाळीस वाट्यांचे व्यास मिलिमीटरपर्यंत मोजले आणि कुठली वाटी कुठल्या दगडावरची हेच लिहिलं नाही. घरी येऊन फोटो आणि वही जुळवत बसलो, जुळलं नाही.

पद्धत ठरवून घ्या आणि मग बदलू नका. मी वर्तुळाला क्रमांक देतो. त्यातल्या दगडांना उत्तरेपासून सुरू करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १, २, ३. एका दगडावरच्या वाट्यांना वरून खाली, डावीकडून उजवीकडे. म्हणजे '७-४-२' म्हणजे सातव्या वर्तुळातल्या चौथ्या दगडावरची दुसरी वाटी. सुटा दगड असेल तर वर्तुळाच्या जागी शून्य. क्रमांक कागदाच्या चिठ्ठीवर लिहून फोटोपुरता शेजारी ठेवा. दगडावर खडूने लिहू नका.

दगडाचं लिहा : लांबी, रुंदी, जमिनीवरची उंची, दगडाची जात, वाट्या असलेलं अंग कुठल्या दिशेला तोंड करून आहे आणि जमिनीशी किती अंशांत कललंय. फोनमधलं लेव्हल दाखवणारं ॲप कलासाठी पुरेसं आहे. ते अंग वर्तुळाच्या आत बघतं की बाहेर, हेही लिहा.

वाटीचं लिहा : सगळ्यांत मोठा व्यास, त्याला काटकोनातला व्यास, खोली, आणि शेजारच्या वाटीच्या मध्यापासून अंतर. खोली मोजायला प्लॅस्टिकची पट्टी काठांवर आडवी ठेवा आणि व्हर्नियरची मागची काडी अलगद सोडा. माप दगडाच्या पृष्ठभागाला काटकोनात घ्यायचं, जमिनीला नाही. कललेल्या दगडावर हे हटकून चुकतं. लोखंडी पट्टी वापरू नका, एक ओरखडा कायमचा राहतो. काठ झिजलेला असेल तर दोन माणसांची मापं चार-पाच मिलिमीटरने सहज वेगळी येतात. म्हणून मी दर दहाव्या वाटीला दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घेतो आणि दोन्ही आकडे ठेवतो.

आतला आकार बघा : वाडग्यासारखा गोल, निमुळता, की तळाशी सपाट. ठोकल्याच्या बारीक खुणा दिसतात का, की घासून गुळगुळीत झालंय. वाटीच्या आतला रंग आणि दगडाचा बाहेरचा रंग सारखा आहे का. आत फिकट आणि बाहेर काळपट असेल तर ती कालपरवाची असू शकते. बाहेर दगडफूल आहे आणि आत नाही, किंवा दोन्हीकडे आहे, हेही लिहून ठेवा.

उजेड

कप-मार्कच्या फोटोचं सगळं यश उजेड तिरका असण्यात आहे, कॅमेऱ्याच्या किमतीत नाही. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा दीड-दीड तास, एवढाच खरा वेळ. पण प्रत्येक दगडाला तो मिळत नाही. हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलेल्या उभ्या अंगावर त्या महिन्यांत थेट ऊन पडतच नाही. तिथे आरसा कामाला येतो. सोबत्याने बाजूला उन्हात उभं राहून उजेडाचा कवडसा दगडावर अगदी घसटून टाकायचा. ढगाळ दिवशी किंवा भर दुपारी काळ्या छत्रीने दगड झाका आणि टॉर्च पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांत धरा. कॅमेरा न हलवता टॉर्च घड्याळाच्या बारा आकड्यांवर फिरवत बारा फोटो घ्या. एका दिशेने न दिसलेली उथळ वाटी दुसऱ्या दिशेने उठून येते.

फोटोंचा क्रम असा : आधी क्रमांकाची चिठ्ठी, मग लांबून टेकडीसह, मग वर्तुळ, मग दगड चारही बाजूंनी, मग वाट्यांचं अंग समोरून, आणि शेवटी एकेक वाटी. समोरून म्हणजे कॅमेऱ्याची पाठ दगडाच्या पृष्ठभागाला समांतर. मोजपट्टी त्याच पातळीत ठेवा. ती पुढे-मागे झाली की माप खोटं होतं. प्रत्येक चौकटीचा एक फोटो पट्टीसह, एक पट्टीशिवाय. झूम नाही, फ्लॅश नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. फोटोत उजेड खालच्या बाजूने येत असेल तर डोळा फसतो आणि खळगे फुगवट्यांसारखे दिसतात. डोळ्याला उजेड वरून यायची सवय आहे. म्हणून छापताना उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येईल असा फोटो निवडा, नाहीतर उजेडाची दिशा बाणाने दाखवा.

त्रिमिती नमुना

फोटोंवरून त्रिमिती नमुना करणं, म्हणजे फोटोग्रॅमेट्री, आता घरी जमण्यासारखं झालंय. स्कॉटलंडमध्ये २०१७ ते २०२१ या काळात चाललेल्या शैलकला प्रकल्पात प्रशिक्षण घेतलेल्या गावोगावच्या हौशी मंडळींनी डोंगरउतारांवरचे, वाट्या आणि त्यांच्याभोवती गोल कड्या कोरलेले दगड याच पद्धतीने नोंदवले. मेशरूम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्याला बरं ग्राफिक कार्ड असलेला संगणक मात्र लागतो.

इथे उजेडाचा नियम उलटतो. सावल्या नकोत. ढगाळ वेळ किंवा छत्रीची सावली उत्तम. दगडाभोवती तीन फेऱ्या मारा, एक बसून, एक उभ्याने, एक हात उंच करून. प्रत्येक फोटोचा साठ ते ऐंशी टक्के भाग आधीच्या फोटोशी जुळला पाहिजे. मध्यम गोट्याला चाळीस ते शंभर फोटो पुरतात. फोकस आणि उजेडाची मात्रा स्थिर ठेवा. दगडाशेजारी दोन मोजपट्ट्या काटकोनात ठेवून द्या आणि फेऱ्या संपेपर्यंत त्यांना धक्का लावू नका. नमुना तयार झाला की एका पट्टीवरून त्याचं माप ठरवायचं आणि दुसऱ्या पट्टीवर ते ताडून बघायचं. फरक दिसला तर परत जावं लागतं, आणि जावं.

नमुना हाती आला की संगणकावर त्याचा रंग काढून टाका आणि खोटा उजेड फिरवा. दगडफूल, डाग, शेंदूर सगळं बाजूला होतं आणि नुसता उंचसखलपणा उरतो. मला तीन वाट्या अशा नंतर घरी सापडल्या. त्या 'नमुन्यात दिसली, जागेवर पुन्हा तपासायची' अशा शेऱ्यानेच नोंदवल्या.

तरीही पेन्सिल

फोटो आणि नमुना झाल्यावर चित्र कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. कारण काढताना बघावं लागतं. आलेखवहीत एक दहांश प्रमाणात दगडाची बाह्यरेषा काढा, कापडी फीत ताणून मध्यरेषा धरा, प्रत्येक वाटीचं केंद्र त्या रेषेपासून मोजून टिंब टाका. तासभर जातो. त्या तासात भेग वाट्यांच्या आधीची की नंतरची, ओळ खरंच सरळ आहे की आपणच ती सरळ समजतोय, हे कळतं. वाटी भेगेने कापली गेली असेल तर भेग नंतरची. भेगेच्या कडेने वाट्या वळून गेल्या असतील तर करणाऱ्याने ती भेग पाहिली होती.

१८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीच्या वाट्यांवर लिहिलं. त्याआधी कुमाऊंत द्वाराहाटजवळच्या खडकांवरच्या वाट्याही त्याने नोंदवल्या होत्या. स्कॉटलंडमधल्या अशाच खुणांवर १८६७ साली ग्रंथ लिहिणारा सर जेम्स सिम्प्सन म्हणजे क्लोरोफॉर्मची भूल रूढ करणारा एडिंबराचा डॉक्टर. स्कॉटलंडच्या आणि नागपूरच्या वाट्या इतक्या सारख्या कशा, या विचाराने रिव्हेट-कार्नाक भारावून गेला होता. नुसत्या सारखेपणावरून तसं नातं आज कुणी जोडत नाही. पण कुठे, किती आणि कशा मांडणीत हे त्याने लिहून ठेवलं, म्हणून त्याचं नाव अजून घ्यावं लागतं.

हात आवरा

वाटी उठून दिसावी म्हणून तिच्यात खडू, रांगोळी, पीठ किंवा चुना भरतात. हे करू नका. खडूची पूड दगडाच्या रंध्रांत बसते आणि पुढच्या माणसाला खरा रंग बघू देत नाही. दगडफूल खरवडू नका, त्याच्याबरोबर दगडाचा वरचा पापुद्रा निघतो. तारेचा ब्रश, साबण, पाण्याचा मारा नको. प्लॅस्टरचा, मातीचा किंवा कणकेचा साचा नको. कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेण्याची जुनी पद्धत आहे, पण आपला गोटा कांद्याच्या सालीसारखा थरांनी सुटत असतो, तिथे दाब देऊ नये. वाळलेली पानं आणि सुटी धूळ मऊ ब्रशने झटकणं, एवढीच मुभा.

नोंद पोचवा

त्याच रात्री फोटो उतरवा आणि फाइलला गाव, वर्तुळ, दगड, तारीख या क्रमाने नाव द्या. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक घराबाहेर. एका दगडाला एक पान असं टाचण करा : जागा, दगड, वाट्यांचा तक्ता, चित्र, चार फोटो, कुणी नोंदवलं, कधी, कुठल्या उजेडात. 'अर्थ' असा रकाना ठेवायचाच असेल तर शेवटी ठेवा आणि कोरा राहिला तरी चालेल.

नवी जागा सापडली तर राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ आणि जवळच्या विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग यांना लेखी कळवा, पोच घ्या. मला एका कार्यालयातून दीड वर्षाने उत्तर आलं, तेही चुकीच्या गावाच्या नावाने. तरी कळवा. गट क्रमांकासह अर्ज फाइलला लागलेला असला की उद्या तिथे प्लॉटचं ले-आउट पडायची वेळ आली तर दाखवायला एक कागद तरी असतो. समाजमाध्यमांवर मात्र नेमकी जागा टाकू नका आणि फोटोतलं स्थान काढून टाका. तालुका सांगितला तरी पुरे. गुप्तधनवालेही फोन वापरतात.

एक प्रत गावात द्या. मी शाळेत देतो, आणि ज्यांनी वाट दाखवली त्यांना मोठा छापील फोटो. जुनापाणीजवळच्या त्या काकांना अकरा वाट्यांच्या दगडाचा फोटो नेऊन दिला. त्यांनी तो हातात घेतला, जरा वेळ डोळे बारीक करून बघितला, मग उलटा फिरवून माझ्यासमोर धरला. "उलटा छापला तुमी. हे फोड आलेत का गोट्याले? गड्डे हायेत ते."